पाच अर्थांचा शब्द आणि हत्तीची हिरवी झूल

संपादकांनी पत्रात लिहिलं आहे, 'आपल्या कामातले काही हृद्य अनुभव पाठवावेत.' हृद्य माझ्याकडे फारसं नाही. काम आहे, ते सांगते.

बऱ्हाणपुरात मला तर्जुमाबाई म्हणतात. इथल्या जरीच्या व्यापाऱ्यांना फ्रान्सातल्या लिओं शहराहून पत्रं येतात, दरपत्रकं येतात, डब्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या येतात. ती मी वाचून मराठीत उतरवून देते आणि व्यापाऱ्यांचं म्हणणं फ्रेंचमध्ये लिहून देते. व्यापाऱ्यांचं म्हणणं बहुतेक वेळा एकच असतं, की मागच्या वेळचा माल वाईट होता आणि तोच पुन्हा पाठवा.

बऱ्हाणपूरची बाई आणि फ्रेंच, असं म्हणून लोक भुवया चढवतात. त्यात काही चमत्कार नाही. माझे वडील एका लहान संस्थानात कारकून होते. तिथल्या राजकन्येला फ्रेंच शिकवायला एक मादाम ठेवली होती. राजकन्या एकटी बसेना, म्हणून तिच्या वयाची मी शेजारी बसवली गेले. राजकन्या चुकली की मादाम मला रागवायची, कारण राजकन्येला रागावण्याची तिला परवानगी नव्हती. दोघींच्या वाटणीची बोलणी एकटीनं खाल्ल्यामुळे माझं फ्रेंच दुप्पट पक्कं झालं. राजकन्येला अखेरीस टोप्या मागवण्यापुरतं आलं.

लग्न होऊन मी बऱ्हाणपुरास आले तेव्हा मादामनं मला आपला जुना कोश दिला. त्यात फ्रेंच शब्दापुढे इंग्रजी अर्थ आहेत. त्यामुळे माझं काम दोन उड्यांचं आहे: फ्रेंचमधून इंग्रजीत, तिथून मराठीत. समोर शेठजी बसलेले असले तर तिसरी उडी बऱ्हाणपुरी बोलीत मारावी लागते, ती निम्मी हिंदी असते. आमचे हे इथल्या शाळेत संस्कृत शिकवतात. घरात दोन परक्या भाषा जाणणारी बायको असणं त्यांनी मुकाट्यानं सोसलं आहे.

या सगळ्या कामात एका शब्दानं मला जितकं झिजवलं तितकं कुणी माणसानंही झिजवलं नाही. त्याचा उच्चार 'तीत्र' असा काहीसा होतो. कोशात त्याच्यापुढे एक, दोन, तीन असे आकडे घालून अर्थ दिले आहेत. पुस्तकाच्या पहिल्या पानावरचं नाव म्हणजे तीत्र. राजाच्या नावाआधी लावतात त्या पदव्या म्हणजे तीत्र. जमिनीवरचा हक्क आणि तो सांगणारा कागद, तोही तीत्र. चांदीसोन्याचा कस, म्हणजे त्यात खरा धातू किती आणि हलका किती, तोही तीत्र. आणि रेशमाचा धागा किती बारीक किंवा जाड, ते सांगणारा नंबर, तोही तीत्रच.

यातल्या पहिल्या तिन्हींना इंग्रजांनी 'टायटल' या एकाच पोत्यात भरलं आहे. राजाची पदवी आणि जमिनीचा हक्क त्यांना एकच वाटावेत यात नवल नाही, आपल्याकडे त्यांनी दोन्ही एकदमच काढून घेतले. चांदीच्या कसाला त्यांचा शब्द 'फाइननेस', धाग्याच्या नंबराला 'काउंट'. हा काउंट पुन्हा युरोपातल्या सरदारांचा किताबही आहे, म्हणजे फिरून तिथंच आलो.

सुरुवातीला मला हा फ्रेंच लोकांचा आळस वाटे. पुढे वाटू लागलं की त्यांच्या डोक्यात प्रश्न एकच असावा: ही वस्तू स्वतःला जे म्हणवते, त्यातलं खरं किती? पुस्तकाला, राजाला, शेताला, चांदीला आणि रेशमाला तो एकाच आवाजात विचारलेला आहे. पण हे शहाणपण व्यापाऱ्याला सांगून उपयोग नसतो. रेशमाचे एक व्यापारी तर पाचही अर्थ ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "बाई, यातला स्वस्तातला कोणता?"

माझ्या वडिलांच्या संस्थानानं एकदा परस्पर लिओंला जरीची मागणी पाठवली होती. छापील फॉर्मात 'तीत्र' या शब्दापुढे रेघ ओढून जागा सोडलेली होती. चांदी किती कसाची हवी ते तिथं भरायचं. दिवाणसाहेबांनी तिथं महाराजांच्या पदव्या भरल्या. त्या एका रेघेवर मावेनात म्हणून जोडपत्र लावलं. लिओंहून अदबीनं उत्तर आलं की, एवढ्या उच्च शुद्धतेची चांदी आमच्या कारखान्यात होत नाही. हे पत्र दिवाणसाहेबांनी चौकटीत बसवून कचेरीत लावलं. माझ्या माहितीप्रमाणे ते अजून तिथं आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. त्यासाठी आमच्या गावचा धंदा थोडा सांगायला हवा.

खरी जर म्हणजे चांदीची तार. चांदीची लांबोडी कांडी घेतात, तिला पासा म्हणतात. तिच्यावर सोन्याचा पत्रा चढवतात आणि ती पोलादी पट्टीच्या भोकांतून ओढत नेतात. पट्टीला जंत्री म्हणतात. भोकं लहान लहान होत जातात, तार बारीक बारीक होत जाते. शेवटी ती केसाएवढी झाली की ठोकून चपटी करतात आणि रेशमावर गुंडाळतात. तो कलाबतू. नवल असं की पाशावरचं सोनं शेवटपर्यंत तारेच्या अंगावर राहतं. चांदी खरी असली तरच राहतं.

लिओंहून येते ती जर यंत्रावरची. त्यांच्याकडे चांदीचीही असते आणि तांब्यावर मुलामा दिलेलीही, ती नाटकवाले घेतात. डब्यात दोन्ही सारख्याच चमकतात. ओळखायची कशी? बऱ्हाणपुरात त्याची एकच रीत आहे. विणायला किंवा गावाबाहेर जाणारं जरीचं प्रत्येक बंडल आधी नाना चोक्शींच्या ओसरीवर जातं. नाना त्यातला दोन हात कलाबतू तोडून घेतात, कोळशावर ठेवतात आणि फुंकणीनं जाळतात. रेशीम जळून जातं, धातूचा वितळून दाणा होतो. दाणा पांढरा निघाला तर चांदी, तांबूस निघाला तर तांबं. नाना याचे पैसे घेत नाहीत. दाणा ठेवून घेतात, तोच त्यांचा मान.

नानांना लिहितावाचता येत नाही. दाणा ते कागदाच्या पुडीत घालतात आणि त्याच बंडलातल्या रेशमानं पुडी बांधतात. प्रत्येक कारखान्याच्या रेशमाचा रंग आणि पीळ वेगळा, त्यामुळे कुठली पुडी कुणाची हे त्यांना पाठ असतं. अशा वर्षभराच्या पुड्या एका खणाखणांच्या लाकडी पेटीत साठतात. दिवाळीच्या पाडव्याला सकाळी पेटी रिकामी होते. पांढरे दाणे एकत्र आटवून त्याचं चांदीचं पान करतात आणि राजघाटावर तापीमाईला वाहतात. तांबडे दाणे कासाराकडे जातात. मग नवं वर्ष, रिकामी पेटी.

नानांचा आणखी एक नेम आहे, तो ध्यानात ठेवा. माल आणणाऱ्याला ते कस सांगतात. त्याशिवाय फक्त माल विकत घेणाऱ्याला सांगतात, तेही त्यानं स्वतः किंवा त्याच्या माणसानं येऊन विचारलं तर. तिसऱ्या कुणाला नाही, मग तो कलेक्टर का असेना.

माझाही एक नेम होता. कागद आला की मी डबा मागत असे. ज्या वस्तूवरची चिठ्ठी, ती वस्तू टेबलावर आल्याशिवाय मी लेखणी उचलत नसे. हा नेम मी एकदा मोडला. ती ही गोष्ट.

त्या वर्षी माझ्या माहेरच्या संस्थानात धाकटे महाराज गादीवर बसायचे होते. हत्तीसाठी नवी झूल, अंगभर जरीची, अशी मागणी इथल्या बंसीशेठकडे आली. शेठजी म्हणजे बोलण्यात लोण्यासारखे. झुलीसाठी तार ओढायचं काम त्यांनी लखाजीला दिलं. लखाजी शनवारा वेशीजवळ राहणारा, साठीचा, हातानं जंत्रीतून तार ओढणारा. त्याच्या बंडलाच्या गाठीवर त्याची स्वतःची लाखेची छाप असे. ही छाप म्हणजे कारागिराची अब्रू. पंचांनी ती फोडली की गावात त्याला कुणी पासा देत नाही. बापाची छाप मुलगा चालवतो, लखाजीची आजोबांपासूनची.

चैत्र संपता संपता बंसीशेठ माझ्याकडे एक चिठ्ठी घेऊन आले. निळ्या कागदावर सोनेरी अक्षरं, लिओंची. म्हणाले, "बाई, झुलीत थोडा फ्रेंच माल पण घालू राहिलो. एक नंबरचा. दरबारला दाखवायला तुमच्या सहीचा तर्जुमा पाहिजे."

"डबा?"

"डबा तिकडं लालबाग स्टेशनावर पार्सलात पडला आहे. या उन्हात तुम्ही कुठं जाणार? अरे बाई, डबा काय बोलणार आहे? बोलणार तर कागद."

मी कागद वाचला आणि त्यावर आमचा तीत्र होता. 'तीत्र हमीचा', असं छापलं होतं आणि पुढे कसाचा आकडा. इतक्या वर्षांनी हा शब्द इतका स्वच्छ, एकाच अर्थानं, हमीसकट समोर आला की मला राहवेना. तर्जुमा तर केलाच, खाली टीप घातली. टिपेत पाचही अर्थ दिले, त्यांचे इंग्रजी शब्द दिले आणि लिहिलं, 'प्रस्तुत स्थळी अर्थ चौथा, म्हणजे चांदीचा कस, असा निःसंशय आहे.' खाली सही ठोकली. टीप इतकी झकास उतरली होती की ती मी आमच्या ह्यांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "उत्तम. डबा कसा होता?" मी म्हटलं, "तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

झूल गेली, महाराज गादीवर बसले, झूल कोठीत गेली. पावसाळाभर ती तिथंच घडी होऊन पडली. दसऱ्याच्या मिरवणुकीसाठी उलगडली तर जागोजागी हिरवी. चांदी ओलीनं काळी पडते. हिरवं पडतं ते तांबं. पण वेळेवर दुसरी झूल कुठून आणणार? हत्ती तसाच निघाला. गावातल्या लोकांनी हिरव्या जरीचं कौतुक केलं म्हणे, कुणाला वाटलं ही नवी विलायती तऱ्हा आहे. पण दिवाणसाहेबांना कळलं. त्यांनी बंसीशेठना खरमरीत पत्र लिहिलं.

बंसीशेठनी उलट टपाली माझा तर्जुमा पाठवला. फ्रेंच माल हमीचा आहे, ही पाहा जाणकार बाईंची सही. मग खोट कुणाची? उरला लखाजी. दोघांची तार झुलीत एकत्र विणली गेली होती आणि ओलीनं रेशमाचे रंगही एकमेकांत उतरले होते. ती जाळून तांबं दिसलं असतं, पण ते कुणाचं हे दिसलं नसतं. संस्थानानं इथल्या पंचांना कळवलं की, दोषी कारागिराची छाप फोडावी आणि तसं कळवावं.

लखाजी माझ्या ओसरीवर आला तेव्हा त्याच्या हातात माझ्या तर्जुम्याची नक्कल होती. त्यानं ती उलटी धरली होती.

"बाई, हे तुम्ही लिवलं का?"

"हो."

"याच्यात मी चोर आहे असं लिवलं का?"

"नाही. फ्रेंच माल खरा आहे, एवढंच लिहिलंय."

"मंग तेच झालं ना." तो खाली बसला. "पंच म्हणू राहिले, छाप फोडतो. मी म्हटलं, मंग मी खाऊ काय? म्हणतात, तुकईथडला जावई आहे ना, त्याच्या वावरात कापूस वेच. बाई, मी जन्मात कापूस वेचला नाही. मला पोलादाचं भोक दिसतं, बोंड दिसत नाही."

त्यानं नकलेकडे पुन्हा पाहिलं.

"एक विचारू? तुम्ही डबा पाह्यला होता का?"

या प्रश्नाचं उत्तर फ्रेंच, इंग्रजी आणि मराठीत एकाच शब्दाचं होतं. मी म्हटलं, "नाही."

"हां," तो म्हणाला. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

मी तडक बंसीशेठच्या पेढीवर गेले आणि म्हटलं, "शेठजी, त्या निळ्या चिठ्ठीचा डबा दाखवा."

त्यांनी हसत हसत दाखवला. तळहातावर मावेल एवढी डबी. लिओंचे कारखानदार गिऱ्हाइकांना खऱ्या चांदीच्या कलाबतूचा एक नमुना धाडतात, ती. हमी तिचीच होती. तर्जुम्यात माझं एक अक्षर चुकलं नव्हतं. पाचही अर्थ बरोबर, निवडलेला अर्थ बरोबर, टीप तर फारच बरोबर. फक्त कागद दुसऱ्या डब्याचा होता.

"झुलीत गेलं ते काय होतं?"

"ते पण लिओंचंच होतं ना, बाई. बहीणभाऊच."

मग त्यांनीच सांगितलं, "पंचांची बैठक मी भाऊबीजेनंतर ठेवायला लावली आहे. सणासुदीत कुणाची छाप फोडायची, बरं दिसत नाही."

शेठजींचं हे कनवाळूपण घेऊन मी पायऱ्या उतरले आणि अर्ध्या रस्त्यात थांबले. भाऊबीजेनंतर म्हणजे पाडव्यानंतर. पाडव्यानंतर नानांची पेटी रिकामी.

तशीच नानांकडे गेले. त्यांच्या ओसरीवर पेटी होती, त्यावर मांजर झोपलं होतं. मी म्हटलं, "नाना, झुलीच्या बंडलांचे दाणे आहेत ना?"

"आहेत."

"बंसीशेठच्या बंडलाचा कसा निघाला?"

"तुम्ही कोण?"

"नाना, मी रोज समोरून जाते."

"ते ठाऊक आहे. विकणारे का घेणारे?"

"दोन्ही नाही."

"मंग पाणी घ्या आणि घरी जा." मी उठले तेव्हा ते मांजराला म्हणाल्यासारखं म्हणाले, "पाडव्याच्या आधी घेणाऱ्यानं विचारलं तर सांगावं लागतं. त्याच्यानंतर माझ्यापाशी काय राहतं?"

घेणारे म्हणजे संस्थान. तिथून कुणीतरी पाडव्याच्या आत बऱ्हाणपुरास आणायचं. आठ दिवस हाताशी होते. माझे वडील त्याच कचेरीत होते म्हणून मला तिथली रीत माहीत आहे. बाहेरचा मराठी अर्ज आला की तो गठ्ठ्यात खाली जातो आणि वरचे अर्ज मेल्याशिवाय वर येत नाही. इंग्रजी अर्ज मोठ्या साहेबाला दाखवावा लागेल या भीतीनं दडवतात. पण फ्रेंच पत्र? ते कुणालाच वाचता येत नाही, म्हणून महत्त्वाचं असणार असं समजून ते थेट राजवाड्यात मादामकडे जातं.

मी फ्रेंचमध्ये लिहायला बसले. आमचे हे दारात उभे राहिले.

"काय लिहितेस?"

"माझा तर्जुमा खरा आहे, पण मी तो माल न पाहता लिहिला, तो झुलीला लावू नये. आणि तुमचा माणूस पाडव्याआधी नानांकडे पाठवा."

"हे सहीनिशी लिहिलंस तर उद्यापासून तुझी सही कोण मागेल?"

"कुणी नाही."

"मग?"

"मग तुम्ही संस्कृत शिकवता, त्यावर भागेल."

ते म्हणाले, "नेमकेपणानं लिही म्हणजे झालं." जाऊन दिवा पुसायला बसले.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीनं लालबाग स्टेशनावर संस्थानचे कारभारी उतरले. पट्ट्यात तलवार, काखेत वळकटी, चेहऱ्यावर परगावी सण करावा लागणार याचा वैताग. त्यांनी मला माझंच पत्र परत दिलं. मादामनं ते दरबारात मोठ्यानं वाचून मराठीत सांगितलं होतं, आणि नंतर लाल शाईनं त्यात तीन चुका काढून दिल्या होत्या. समासात लिहिलं होतं, 'राजकन्या एवढ्याही करत नाही.' राजकन्येनं गेल्या दहा वर्षांत फ्रेंचमध्ये काही लिहिलंच नव्हतं. ही मादामची शाबासकी होती, असं मी धरून चालते.

कारभाऱ्यांना परत जायची घाई, म्हणून बैठक त्याच दिवशी, नानांच्या ओसरीवरच भरली. पंच चटईवर, शेठजी लोडाला टेकून, लखाजी पायरीवर. लखाजीनं छाप फडक्यात बांधून आणली होती, फोडायची झाली तर दुसऱ्यांदा घरी जायला नको म्हणून.

शेठजींनी सुरुवात केली. "पंचहो, माझं काय म्हणणं नाही. बाईंचा कागदच बोलतो."

मी उभी राहिले. बाईनं पंचांपुढे उभं राहून बोलायची तिथं रीत नव्हती, पण बसून बोलण्याचीही नव्हती. म्हटलं, "कागद बरोबर आहे. तो नमुन्याच्या डबीचा आहे, झुलीच्या मालाचा नाही. मी माल पाहिला नाही. हे लिहून आणलं आहे."

एक पंच म्हणाले, "म्हणजे तुमचा तर्जुमा खोटा?"

"तर्जुमा खरा. मी निष्काळजी."

"बाई, यात फरक काय?"

"मला पुष्कळ आहे. लखाजीला काहीच नाही. नानांना विचारा."

कारभाऱ्यांनी पेटीवर हात ठेवला. तो ठेवायचा असतो हे त्यांना मीच वाटेत सांगितलं होतं. "नाना, आमच्या मालाचा कस सांगा."

नानांनी मांजर उचललं, पेटी उघडली आणि न चाचपडता दोन पुड्या काढल्या. पहिलीला हळदी रंगाचं, हातानं पिळलेलं रेशीम बांधलेलं. "हे लखाजीचं." आत पांढरा दाणा, ज्वारीएवढा. दुसरीला फिकट, यंत्राच्या एकसारख्या पिळाचं. "हे शेठजींनी आणलं ते." आतला दाणा तांबडा. पंचांनी तो हातोहात फिरवला. पायरीवरून लखाजी मान उंच करून पाहत होता. त्याच्या हातात कुणी दिला नाही, म्हणून मी नेऊन दिला. त्यानं नखानं घासला आणि परत दिला.

बंसीशेठ लोडावरून सरळ झाले. "नाना, हे बराबर नाही! मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं ना, हा माल नाटकवाल्यांसाठी आहे म्हणून!"

नाना म्हणाले, "सांगितलं होतं. म्हणूनच मी गप्प बसलो."

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. मग कारभाऱ्यांना हसू आलं आणि ते त्यांनी मिशीत दाबलं. शेठजींना आपण काय बोललो ते कळायला थोडा उशीर लागला, तो आम्ही सगळ्यांनी त्यांना दिला.

पंचांनी लखाजीची छाप राखली. लखाजीनं फडक्याची गाठ सोडलीच नव्हती, ती तशीच काखेत मारून उठला. सणाला पासा ओढायचा होता. जाता जाता माझ्याजवळ थांबला. मला वाटलं आभार मानतो आहे.

"बाई, आता डबा पाहत जा," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पांढरे दाणे आटले, तापीमाईला पान गेलं. तांबडे कासाराकडे निघाले त्यातला तो एक नानांनी माझ्या हातावर ठेवला. "तुम्ही कागदावर वजन काय ठेवता?" मी म्हटलं, "दगड." "मंग हे ठेवा." ज्वारीएवढ्या दाण्यानं कागद काय दबणार, पण मी तो ठेवून घेतला. माझ्या कोशात तीत्र ज्या पानावर आहे तिथं तो असतो. पानाला खळगा पडला आहे आणि तिसरा अर्थ नीट वाचता येत नाही.

संपादकांना वाटेल की आता शेठजींचं काय वाईट झालं ते मी सांगेन. तसं काही झालं नाही. त्यांनी दरबारला नवी झूल, सगळी लखाजीच्या तारेची, विनामूल्य नजर केली. धाकट्या महाराजांना इतक्या लवकर कुणी काही फुकट दिलं नव्हतं. ते प्रसन्न झाले आणि त्यांनी शेठजींना 'राजमान्य जरीभूषण' असा किताब दिला. जरीसाठी पंचांपुढे तोंड लपवायची वेळ आली त्याच वर्षी जरीभूषण झालेला मनुष्य माझ्या माहितीत हा एकच. लखाजीला दरबारनं मानाचा एक नारळ पाठवला. माझं काम दोन वर्षं बसलं. व्यापारी म्हणत, बाईंचं फ्रेंच चांगलं आहे पण त्या कधी कुठं खरं बोलतील याचा भरवसा नाही. मग दुसरं कुणी मिळेना, तेव्हा एक एक करून परत आले. आता ते कागदाबरोबर न सांगता डबा आणतात, आणि मी उघडून पाहत असताना छताकडे बघत बसतात.

सगळ्यांत शेवटी बंसीशेठ आले. पांढरा दुपेटा, हातात नव्या छापील पत्रांचा गठ्ठा. प्रत्येक पानाच्या माथ्यावर 'राजमान्य जरीभूषण', मराठीत, खाली हिंदीत, त्याखाली इंग्रजीत. चौथी ओळ कोरी.

"बाई, झालं गेलं तापीला. लिओंवाल्यांना लिहितो ना मी, त्यांना पण कळलं पाहिजे आपण कोण आहो. हे फ्रेंचमध्ये घाला. तुमचा तो शब्द आहे ना, पदवीला?"

"आहे. अर्थ दुसरा."

"बस, तोच."

मी गठ्ठ्यातलं एक पान घेतलं. वारा होता, पान उडू लागलं, म्हणून कोश उघडून तो तांबडा दाणा काढला आणि किताबावर ठेवला. मग दौत उघडली आणि म्हटलं, "डबा?"

"कसला डबा? अरे बाई, हा किताब आहे. याचा डबा कुठून आणू? मीच आहे ना समोर!"

"तुम्हीच का? मग पाहते," म्हटलं आणि लेखणी हातात धरून त्यांच्याकडे पाहत बसले. पाहायला मी वेळ घेते, हे गावात आता सगळ्यांना ठाऊक आहे. शेठजी आधी हसले. मग त्यांनी दुपेटा नीट केला. मग पानावरच्या दाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा दाण्याकडे पाहिलं.

"राहू द्या," ते म्हणाले. "फ्रेंच लोकांना काय कळतं."

गठ्ठा उचलून ते पायऱ्या उतरले. त्यांची पत्रं अजूनही लिओंला जातात, आणि ती मीच लिहिते. माथ्यावरची चौथी ओळ अजून कोरी आहे.